खेळाचा तास कापू नका

नांदेडच्या विष्णुपुरीत विद्यापीठ आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नांदेड-लातूरच्या शिकवण्यांचा दबदबा तर राज्यभर. अशा भागात पालकांना खेळ म्हणजे वेळेची नासाडी वाटते. मूल मागे पडेल ही धास्ती खरी असली, तरी निष्कर्ष चुकीचा आहे. लपाछपीत राज्य आलेलं पोर डोळे मिटून आकडे म्हणतं, हळूच बघायचा मोह आवरतं, चिडवाचिडवी सोसतं; हाच संयम पुढे अभ्यासाला लागतो. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेही खेळाला धरूनच. खेळाचा उपयोग शिक्षणापुरताच नाही; अमेरिकी मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४७ च्या पुस्तकात खेळातून उपचार मांडले. भेदरलेलं मूल स्वतः बोलत नाही, बाहुलीकडून वदवतं. उपचार करणारी व्यक्ती तिथे उपदेश करत नाही. खेळ मुलाच्याच हाती सोपवते.