दहा सर्व्हर, एक वही

समजा, एका रात्री एक अनोळखी माणूस दहा वाड्यांवर फिरला आणि प्रत्येक वाडीत एकाच घराची कडी वाजवून पुढे गेला. कोणत्याही एका वाडीत याची चर्चा होणार नाही. पण दहाही वाड्यांची माणसे बाजाराच्या दिवशी एकमेकांशी बोलली तर? अनेक सर्व्हरवरील रहदारीची पाहणी अशीच करावी लागते.

22 मार्च 2001 रोजी जगभरच्या नोंदींमध्ये 53 क्रमांकाच्या पोर्टवरची 'टकटक' वाढलेली दिसली. पोर्ट म्हणजे ठरावीक कामासाठी ठेवलेले सर्व्हरचे दार. हे दार संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या सेवेचे. नोंदी एकत्र आल्या म्हणूनच संशय बळावला. विश्लेषकांनी इशारा दिला आणि तीन तासांच्या आत नेदरलँड्समधल्या एका व्यवस्थापकाने आपल्या यंत्रांत शिरलेल्या 'लायन' या वर्मची (स्वतःच्या प्रती काढत पसरणाऱ्या आज्ञावलीची) प्रत त्यांच्याकडे पाठवली.

अशी व्यवस्था उभारायची कशी? सर्व्हरवर येणारे सारेच मध्यवर्ती संगणकाकडे पाठवले, तर पाहणीमुळेच रहदारी दुप्पट होईल! म्हणून प्रत्येक सर्व्हर फक्त सारांश पाठवतो: कोठून, कोठे, दोन्हीकडची पोर्ट कोणती, प्रोटोकॉल कोणता, केव्हा आणि किती. पत्रातला मजकूर नव्हे, पाकिटावरचा पत्ता आणि वजन.

रहदारी फार असेल तर हजारात एकच पाकीट तपासतात. नमुन्यात एखाद्या प्रकारची 10,000 पाकिटे आली, तर अंदाजातली चूक बहुधा 2 टक्क्यांच्या आत राहते; 100 आली, तर 20 टक्क्यांपर्यंत जाते. पण आपला कडी वाजवणारा? दहा सर्व्हरवर प्रत्येकी एकच टकटक असेल, तर ती एकदा तरी नमुन्यात येण्याची शक्यता जेमतेम 1 टक्का. (0.999 चा दहावा घात 1 मधून वजा करून विद्यार्थ्यांना हे पडताळता येईल.) नमुना-पद्धत स्वस्त म्हणून सगळीकडे तीच लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. एकूण रहदारी मोजायला नमुना पुरतो, नाकारलेल्या जोडण्यांची नोंद मात्र पूर्ण ठेवावी.

दुसरी अडचण घड्याळांची. दहा लाखांत 20 भाग चुकणारे क्वार्ट्झ घड्याळ दिवसाला 1.7 सेकंद, म्हणजे महिन्याला सुमारे 50 सेकंद सरकते. मग आधी कोणती कडी वाजली, हे कसे ठरवणार? यासाठी डेव्हिड मिल्स यांनी विकसित केलेला, 1985 पासून वापरात असलेला एनटीपी हा नियमसंच आहे. त्यात सर्व्हर दुसऱ्या संगणकाला वेळ विचारतो आणि प्रश्नोत्तराच्या प्रवासात गेलेला वेळही हिशेबात धरतो. शिवाय नोंदी स्थानिक वेळेत न ठेवता जागतिक प्रमाणवेळेत ठेवाव्यात, नाहीतर मुंबईची नोंद साडेपाच तास पुढची दिसेल.

आणि एखाद्या सर्व्हरकडून काहीच आले नाही तर? तेथे शांतता आहे की नोंद घेणारेच बंद पडले, हे वहीवरून कळत नाही. म्हणून सांगण्यासारखे काही नसले, तरी प्रत्येकाने दर मिनिटाला 'मी जागा आहे' एवढे कळवायचे असते.