लेबलावर न आलेली नावं

मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सने 1954 साली एल्व्हिस प्रेस्लीची पहिली तबकडी काढली, तेव्हा लेबलावर त्याच्या नावाखाली 'स्कॉटी अँड बिल' असंही छापलं. स्कॉटी मूर गिटारवर होता आणि बिल ब्लॅक बासवर. 1957 साली त्याच कंपनीच्या बिली रायलीच्या तबकडीवर त्याच्या साथीदारांचं 'लिटल ग्रीन मेन' हे नाव आलं. रायली एल्व्हिसच्या मानाने अगदीच अपरिचित राहिला. तरी पुढे जर्मनीच्या बेअर फॅमिलीसारख्या कंपन्यांनी असे रॉकाबिली, म्हणजे सुरुवातीच्या रॉक अँड रोलचे, कलावंत हुडकून पुन्हा ऐकवले, कारण शोधणाऱ्यांच्या हाताशी नावं होती. आपल्याकडे रॉक अँड रोल वाजवणारे विसरले गेले ते कसबात उणे होते म्हणून नव्हे. त्यांची नावं तबकडीवर आलीच नाहीत.

त्याच 1957 साली 'आशा' चित्रपटातलं 'ईना मीना डीका' गाजलं. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं, आवाज किशोरकुमारचा. लेबलावर चित्रपट, गायक, संगीतकार. वादक कुठेच नाहीत. मुंबईच्या स्टुडिओंत ब्रास वाजवणारे बहुतेक गोव्याचे होते, चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले आणि रात्री हॉटेलांत जॅझ वाजवणारे. हळदोण्याचा अँटोनिओ झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, हा सी. रामचंद्रांचा सहायक, 1951 च्या 'अलबेला'त तो पडद्यावरही आपल्या बँडसह दिसतो. चाल संगीतकाराची, वादक रोजंदारीवर, मग श्रेय कशाला, असं कोणी म्हणेल. पण या गाण्यांचा जोम केवळ चालीत नाही. ट्रम्पेट नेमका कुठे घुसतो आणि ड्रम कुठे थांबतो, त्यावर गाणं उभं राहतं, आणि तो हिशेब कागदावर मांडणारे बरेचदा हेच लोक होते. शंकर-जयकिशन यांच्याकडे हे काम सेबॅस्टियन डिसोझा करत.

पन्नास वादकांची नावं इवल्याशा लेबलावर मावणार कशी, ही अडचण खरी आहे. पण बँडचं एक नाव मावतं. 'गुमनाम' (1965) मधल्या 'जान पहचान हो' या गाण्यात टेड लायन्स अँड हिज कब्ज हा बँड नावासकट पडद्यावर आहे. 2001 मध्ये 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकी चित्रपटाची सुरुवात त्याच दृश्याने झाली आणि परदेशातले रसिक टेड लायन्सचा माग काढू लागले. आपल्याकडे मात्र पिंपळे गुरवच्या निळू फुले नाट्यगृहासारख्या रंगमंचावर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असला की निवेदक गायक, गीतकार, संगीतकार सांगतो. त्यात चिक चॉकलेट आणि सेबॅस्टियन डिसोझा ही दोन नावं घ्यायला अर्धं मिनिटही लागणार नाही.