छावणीचा माळ ते कर्तव्यपथ

दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात संचलनावर रकानेच्या रकाने छापून येतात. क्षेपणास्त्राचा पल्ला किती, चित्ररथाला कितवा क्रमांक मिळाला, प्रमुख पाहुणे कोण, फेटा कोणत्या रंगाचा. चालणाऱ्यांविषयी अवाक्षर नसते. संचलन म्हणजे मुळात चालणे. वाहनावर काय लादून नेले यापेक्षा शंभर माणसांची टाच एकाच क्षणी जमिनीला लागली की नाही, यावर ते जोखले पाहिजे. हे मी अनेक वर्षे सांगत आलो आहे.

आमच्यातल्याच काही अभ्यासकांचे म्हणणे असे की कवायत आणि संचलन हा सगळा इंग्रजांनी लादलेला साज. आपल्याकडे होती ती फक्त गनिमी दौड. हे मला कधीच पटले नाही. पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदी रांगा धरून लढले. महादजी शिंद्यांनी द बॉयनकडून कंपू उभे करून घेतले. ११ मार्च १७९५ ला खर्ड्याला निजामाकडून रेमाँची आणि मराठ्यांकडून पेराँची कवायती पलटण समोरासमोर उभी ठाकली, तेव्हा दोन्हीकडचे हुकूम फ्रेंच अधिकाऱ्यांचे होते आणि पाय या मातीतले. इंग्रज कवायत दख्खनमध्ये येण्याआधीच इथला शिपाई पावले मोजायला शिकला होता.

त्याआधीचा काळ वेगळा, हे खरे. शिवकाळात पावसाळाभर लष्कर छावणीत राही आणि दसऱ्याला कूच करी. सभासदाने ते नोंदवून ठेवले आहे. त्या सीमोल्लंघनात दिखावा नव्हता, कारण निघालेला माणूस खरोखरच मोहिमेवर निघालेला असे. घोडी मोजली जात, हत्यारे पाहिली जात आणि गावाच्या शिवेपलीकडे पाऊल पडले की लढाईचा हंगाम सुरू. पेशवाईत जरीपटका, अंबारी, नगारे असा थाट वाढला, पण कूच हा त्याचा गाभा टिकून राहिला. हैदराबादला मोहरममध्ये निघणारा लंगरचा जुलूस पुढे निजामाच्या फौजेचे प्रदर्शनच झाला. अरब, रोहिले, शीख असे वेगवेगळ्या पोशाखांतले ताफे तासन् तास पुढून जात. रंग पाहायचा तर लंगर, शिस्त पाहायची तर छावणी.

आणि छावणी म्हटली की हिंगोली.

हिंगोलीवर लिहायला बसलेला माणूस हमखास ठगांपाशी जाऊन थांबतो. इथल्या छावणीच्या बाजारात ठगांचा एक म्होरक्या प्रतिष्ठित व्यापारी बनून राहत होता, हे इंग्रज अधिकारी मेडोज टेलरने लिहून ठेवले आणि तेव्हापासून सगळ्यांना तेवढेच ठाऊक. ज्या बाजारात तो बसला होता तो कुणासाठी वसला होता, हे मात्र कुणी विचारत नाही. तो वसला होता पलटणीसाठी. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर, बोलारम या ठाण्यांच्या रांगेतले हिंगोली हे एक महत्त्वाचे ठाणे. निजामाच्या पैशाने उभी राहिलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी चालवलेली ही फौज पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून नावाजली. तिच्या पायदळाचे मूळ १८१३ च्या सुमारास रेसिडेंट हेन्री रसेलने उभारलेल्या रसेल ब्रिगेडमध्ये आहे. १८५३ च्या तहाने तिची ताकद ठरली: ५००० पायदळ, २००० घोडदळ आणि ४ तोफखाने. खर्चासाठी वऱ्हाड लावून दिले. म्हणजे वऱ्हाडच्या कापसाच्या उत्पन्नावर आमच्या माळावरची कवायत चालली.

या फौजेचा इतिहास सगळा गोड नाही. १८१९ च्या जानेवारीत हटकर सरदार नोवसाजी नाईकांच्या नोव्ह्याच्या गढीला वेढा पडला, तेव्हा वेढा घालणाऱ्यांत याच पलटणी होत्या. हटकरांनी प्राणपणाने गढी लढवली आणि ‘नोव्हा’ हे नाव पलटणीच्या निशाणावर मान म्हणून चढले. पुढे १८५८ मध्ये झाशीच्या स्वारीतही इंग्रज सेनापती ह्यू रोजबरोबर हैदराबादची माणसे होती. आपल्याच माणसांविरुद्ध मिळालेले असे मान स्वातंत्र्यानंतर भारतीय लष्कराने बाजूला ठेवले, ते योग्यच झाले. पण तेवढ्यावरून ती पलटण परकी ठरवणारे आमचे मित्र पुढची शंभर वर्षे वाचायला तयार नसतात.

५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने गेले, १९०३ मध्ये कंटिंजंट भारतीय लष्करात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. घोडदळातून पुढे डेक्कन हॉर्स आकाराला आले. १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या रणधुमाळीत हाय वूडवर भाले सरसावून गेलेले विसावे डेक्कन हॉर्स ते हेच. आज ते रणगाडे चालवते. पायदळाची १९२२ मध्ये एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिने कुमाऊँ हे नाव घेतले. बडगामला ३ नोव्हेंबर १९४७ रोजी धारातीर्थी पडलेले मेजर सोमनाथ शर्मा, पहिले परमवीर, चौथ्या कुमाऊँचे. ती पलटण आधी एकोणिसाव्या हैदराबादची चौथी बटालियन होती. जनरल थिमय्या तिच्यातलेच. कोल्हापूरचे जनरल श्रीनागेशही एकोणिसाव्या हैदराबादचे. या नावांपुढे छाती फुगवायची असेल, तर हिंगोलीकरांना तसा हक्क आहे.

आणखी एक गोष्ट जवळून दाखवतो. कुमाऊँच्या जवानाच्या टोपीवरचा बिल्ला नीट पाहा. कमरेपासून वरचा सिंह, पंजे उगारलेला, हातात क्रूस. हा सिंह कुमाऊँच्या डोंगरातला नाही. तो हेन्री रसेलच्या घराण्याच्या चिन्हातला आहे. दख्खनमध्ये उभ्या राहिलेल्या ब्रिगेडची ही खूण नाव बदलले, देश स्वतंत्र झाला, तरी तशीच राहिली. २६ जानेवारीला कुमाऊँचे पथक कर्तव्यपथावर उतरले की मी आधी तो बिल्ला शोधतो.

तो बिल्ला मी पहिल्यांदा जवळून पाहिला तो राष्ट्रीय छात्र सेनेत. आमचे ड्रिल उस्ताद कुमाऊँचे हवालदार होते, ठेंगणे आणि कमी बोलणारे. पथक चालू लागले की ते आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे. मुरमाड मैदान, पायांत खिळ्यांचे अ‍ॅम्युनिशन बूट, टाचेला लोखंडी नाल. मिनिटाला १२० पावले, पाऊल ३० इंचांचे. मान न वळवता ते सांगायचे, ‘तिसरी फाइल, बीच का आदमी, आधा कदम लेट.’ आणि ते बरोबर निघायचे. सगळ्यांच्या टाचा एकत्र पडल्या की एकच आवाज उठे. एक जरी मागे राहिला तरी त्या आवाजाला फाटका काठ येई. संचलन कानाने पाहायचे, हे मी त्यांच्याकडून शिकलो आणि त्याचा आग्रह आजवर सोडलेला नाही.

छावणीच्या सुरुवातीच्या काळात इंग्रज कवायतीतली साधी चाल मिनिटाला ७५ पावलांची आणि जलद चाल १०८ ची होती. म्हणजे त्या माळावरची पलटण आजच्या मानाने संथ, जड पावलांनी चालत असणार. शिपायाला खरोखर रांगेत चालत जाऊन बंदूक झाडायची होती. संचलन ही लढाईचीच तालीम होती. मशीनगन आली, रांगा धरून लढणे संपले आणि संचलन लढाईपासून सुटे झाले. जगभर हेच घडले. तेव्हापासून त्यात उरली ती शिस्त आणि एकमेकांवरचा भरवसा. तेवढ्यासाठीही ते टिकवण्याजोगे आहे, असे मी मानतो.

दिल्लीचा इतिहास वाचकांना पाठ आहे, म्हणून भरभर सांगतो. १९५० ला आयर्विन स्टेडियम, पाहुणे सुकार्णो. पुढची चार वर्षे जागा बदलत राहिल्या. १९५५ पासून राजपथ, २०२२ पासून कर्तव्यपथ. २०२३ मध्ये सलामीच्या ब्रिटिश पंचवीस पाउंडी तोफा जाऊन भारतीय बनावटीच्या १०५ मिलिमीटरच्या आल्या, ते उत्तम झाले. ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून १७ मुली पहिल्यांदा अंतिम पग ओलांडून बाहेर पडल्या, ते त्याहून उत्तम. एकसष्टाव्या कॅव्हलरीची घोडी अजून राजधानीत दिसतात याचे समाधान आहे. चित्ररथांवर मला काही लिहायचे नाही. ते संचलन नव्हे.

मला लिहायचे आहे ते जिल्ह्याच्या मैदानावर. हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून वेगळी झाली आणि आमचे स्वतःचे ध्वजवंदन आले. संत नामदेव पोलीस कवायत मैदानावर पथके उभी राहतात. जिल्हा पोलीस, महिला पोलीस, गृहरक्षक दल, छात्र सेना. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ याच गावात असल्यामुळे कवायत इथल्या हवेतच आहे. ‘परेड, सलामी देगी, सलामी शस्त्र’ हा हुकूम सुटला की मागच्या रांगेतले म्हातारेसुद्धा सावधान होतात. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, तर या मैदानाला वेगळेच वजन येते. ज्यांच्या आईवडिलांनी रझाकारांच्या टोळ्यांच्या भीतीने रात्री शेतात काढल्या, त्यांच्यासमोर त्या दिवशी तिरंग्याला सलामी दिली जाते. गणवेश घातलेली माणसे रांगेने येताना पाहून दार लावून घ्यायचे की दारात येऊन उभे राहायचे, हा फरक मराठवाड्याने १९४८ मध्ये अंगावर झेलला आहे. दिल्लीच्या कोणत्याही समारंभात हा अर्थ सापडणार नाही.

म्हणूनच आजची अवस्था जिव्हारी लागते. कोणत्याही जिल्ह्यात जा, बॅण्डच्या जागी ध्वनिमुद्रित धून वाजते. पथक सलामी मंचासमोर येते, ‘दाहिने देख’ होते आणि नेमक्या त्या क्षणी निवेदक ध्वनिक्षेपकावर कवितेच्या ओळी म्हणू लागतो. टाचा ऐकूच येत नाहीत. बुटांचे तळ रबरी झाले, त्याला इलाज नाही. ३०३ रायफल जाऊन आखूड हत्यारे आली, ‘कंधे शस्त्र’ला डाव्या खांद्यांवर उठणारी नळ्यांची तिरकी रेघ गेली, त्यालाही इलाज नाही. निवेदकाला मात्र आहे. संचलन सुरू असेपर्यंत त्याने गप्प बसावे. पथक कोणते आणि त्याचा कमांडर कोण, एवढे सांगितले की त्याचे काम झाले. पुढे शालेय मुलांचे नाच होतात, त्यांना माझी ना नाही. पण नाचाला तासभर आणि चालणाऱ्यांना दहा मिनिटे, हे प्रमाण उलटे आहे. त्या दहा मिनिटांसाठी पोलीस शिपाई बंदोबस्ताच्या रात्री जागून पहाटे सरावाला उभा राहिलेला असतो.

हिंगोलीचा दसरा १८५५ पासूनचा मानतात. रामलीला मैदानावरचे प्रदर्शन आणि रावणदहन पाहायला दूरदूरहून माणसे येतात. तो निव्वळ जत्रेसारखा आहे, असे म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. फौजेत दसऱ्याला शस्त्रपूजन होतेच, आणि हा दसरा सुरू झाला म्हणतात तेव्हा गावाला लागून पलटण होती. या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत, हे कुणी मला पटवून द्यावे. मला तरी या दसऱ्यात छावणीच्या दसऱ्याचा अंश दिसतो.

माझी मागणी साधी आहे. जिल्ह्याने रानीखेतच्या कुमाऊँ रेजिमेंट केंद्राशी रीतसर पत्रव्यवहार करावा. पलटणीचा एक बॅण्ड आणि एक पथक दसऱ्याच्या दिवसांत हिंगोलीला यावे. जुन्या छावणीच्या जागी एक दगड बसवावा. त्यावर रसेलचा तो सिंह कोरावा, त्याच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत नोवसाजी नाईकांचे नाव असावे, आणि खाली १८१९ व १९०३ ही दोन साले. दसऱ्याची एक संध्याकाळ या पथकासाठी राखून ठेवावी आणि ते चालत असताना मैदानावरचे सगळे ध्वनिक्षेपक बंद करावेत.