मच्छराचा सदरा आणि निंबोळी

पहिला पाऊस पडून गेला, हवेत गारवा आला की आपल्या यवतमाळात घरोघरी कूलर बंद होतो. टाकीच्या तळाशी उरलेलं पाणी मात्र तसंच राहतं. घरातल्या मोठ्यांना विचारून त्यातलं ग्लासभर पाणी काढा आणि उजेडासमोर धरा. दोऱ्याच्या बारीक तुकड्यांसारखं काहीतरी दिसेल, डोकं खाली, शेपूट वर, असं उलटं लटकलेलं. ग्लासवर टिचकी मारा. सगळे वळवळत तळाशी! आता गंमत बघा. थोड्या वेळानं एकेक करून ते परत वर येतात. येणारच, कारण त्यांचं नाक आहे शेपटीकडे! तिथल्या नळीतून ते पाण्यावरची हवा घेतात. ही डासांची पिल्लं, म्हणजे अळ्या. आपण डासाला मच्छर म्हणतो, तेव्हा मीही मच्छरच म्हणणार.

या अळीची एक अडचण आहे. अंग वाढतं, पण कातडं वाढत नाही. मागच्या दिवाळीचा सदरा यंदा काखेत उसवतो ना, तसंच. मग ती जुनं कातडं फाडून बाहेर पडते. आत नवं, थोडं मोठं कातडं तयारच असतं. असं तीनदा होतं. चौथ्यांदा कात टाकली की तिचा कोष होतो आणि कोषातून उडतो तो मच्छर. हवा उबदार असली तर अंड्यापासून इथवरचा खेळ आठ-दहा दिवसांत संपतो.

पण सदरा कधी बदलायचा, हे अळीला सांगतं कोण? तिच्या अंगातच तयार होणारं एक रसायन, संप्रेरक. ते निरोप्याचं काम करतं. आणि नेमकं इथंच कडुनिंब मध्ये घुसतं! निंबोळीच्या बीमध्ये अझाडिरॅक्टिन नावाचं कडूजहर द्रव्य असतं. ते हा निरोपच अडवतं. अळी जुन्याच सदऱ्यात अडकते, वाढत नाही आणि हळूहळू मरून जाते. मारामारी नाही, काही नाही, नुसती चिठ्ठी गायब केली!

निंबाचा हा गुण परदेशात कळला तो एका टोळधाडीमुळे. १९५९ साली सुदानमध्ये टोळांनी सगळी हिरवळ फस्त केली, पण निंबाची झाडं तशीच उभी. हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं ते पाहिलं आणि निंबाचा पिच्छाच पुरवला. पुढे रसायनशास्त्रज्ञ स्टीव्हन ले यांच्या चमूनं अझाडिरॅक्टिन प्रयोगशाळेत बनवायला घेतलं. जमलं कधी? २००७ साली, केंब्रिजमध्ये, तब्बल २२ वर्षांनी. तेवढ्या काळात तुम्ही शाळा-कॉलेज संपवून नोकरीला लागाल!

ज्यांच्या घरी कपाशी आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. ५ किलो निंबोळ्या कुटायच्या, रात्रभर पाण्यात भिजवायच्या, फडक्यातून गाळायच्या आणि पाणी घालून १०० लिटर करायचं. हाच कपाशीवर फवारायचा निंबोळी अर्क. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात रासायनिक औषधं फवारताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी, शेतमजूर दगावले. तेव्हापासून अर्काची आठवण जरा जास्तच निघते.

म्हणून झाडपाल्याचं ते सगळं निर्धोक, असं मात्र समजू नका. सीताफळाच्या बियांची भुकटीही अळ्यांना मारते, पण तीच भुकटी डोळ्यांत गेली तर डोळा जायची वेळ येते. निंबोळीचं तेल लहान मुलांच्या पोटात गेलं तर थेट दवाखाना. आणि आजी संध्याकाळी गोवरीवर निंबाचा पाला टाकते ना? त्या धुरानं मच्छर पळतात, मरत नाहीत. धूर विरला की हजर! खोकत बसतं ते घरातलं बाळ.

निंबोळीतही एक खोट आहे. अझाडिरॅक्टिन उन्हात टिकत नाही, म्हणून अर्क पुन्हा पुन्हा घालावा लागतो. कूलरच्या टाकीला तर त्याचीही गरज नाही. ते पाणी कोरड्या मातीवर ओता, गटारात नको. अळ्या तिथंच संपतात.

पण थांबा, टाकी अजून रिकामी झालेली नाही! डेंग्यूचा तो पट्टेरी पायांचा मच्छर अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या काठाशी टाकीच्या भिंतीला चिकटवतो. काळी, खसखशीपेक्षाही बारीक. कोरडी पडली तरी ती महिनोन्महिने जिवंत राहतात. पुढच्या उन्हाळ्यात बाबा कूलरमध्ये पहिली बादली ओततील, त्याचीच वाट बघत.

टाकीची भिंत घासायला काथ्या कुठं ठेवलाय घरात?