बेणे मळा : उसाचे कोठार उभ्या शेतात



लागवडीच्या नोंदी घेत पाथरी भागात हिंडताना एका सभासदांच्या ओसरीवर चहाला बसलो होतो. त्यांचा नातू संगणकावर खेळ खेळत होता. खेळ असा, की ओसाड माळावर दहा-बारा माणसांची वस्ती वसवायची, शेतं पेरायची, कोठार भरायचं आणि वाईट दिवस काढायचे. पोराची वस्ती उपाशी मरायला लागली होती. आजोबांनी विचारलं, "का रं, पीक तर चांगलं आलं व्हतं की?" पोरगं म्हणालं, "आबा, स्वयंपाक्यानं बी पण शिजवून टाकलं. बियाला हात लावू नको अशी खूण करायची राहिली."

आजोबा हसले. आम्हाला मात्र 2016 साल आठवलं.

2014 आणि 2015 असे दोन पावसाळे मराठवाड्याला कोरडे गेले होते. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका सभासदाकडे जानेवारीत लावलेला अर्ध्या एकराचा बेणे मळा होता. विहिरीत घटकाभर मोटार चालेल एवढं पाणी. चाऱ्याला गिऱ्हाईक दारात उभं. त्यांनी आम्हाला विचारलं, "सायेब, काय करू?" आम्ही म्हणालो, "द्या तोडून. बेणं काय, कुठूनही मिळेल." त्यांनी तोडलं.

पुढे पाऊस चांगला झाला. ऑक्टोबरात पूर्वहंगामी लागवडीला सगळे एकदमच उठले, आणि बेणं कुठंच नव्हतं. तो मळा राहिला असता तर नेमका तेव्हाच दहा महिन्यांचा झाला असता. मग लांबून ट्रकने ऊस आणला. डोळे सुकलेले, निम्मं बेणं खोडव्याचं. शेतात नांग्या पडल्या, आणि पुढं खोडव्यात गवताळ वाढ दिसली. चूक सभासदाची नव्हती, आमच्या सल्ल्याची होती. म्हणून हा लेख.

राज्याचे आकडेही हेच सांगतात. 2014-15 च्या हंगामात महाराष्ट्रात सुमारे 105 लाख टन साखर झाली, 2016-17 मध्ये ती 42 लाख टनांवर आली आणि 2017-18 मध्ये पुन्हा 107 लाख टनांच्या घरात गेली. म्हणजे दुष्काळ जातो, पाणी परत येतं, लागवडही परत येते. प्रश्न एवढाच, की त्या दिवशी आपल्या हातात बेणं कोणतं असतं.

ज्वारीचं बी आपल्या आज्या राखेत घोळून, लिंबाचा पाला घालून कणगीत ठेवायच्या. कितीही ओढ लागली तरी त्या मडक्याला हात लावायचा नाही, असा घरचा दंडक होता. उसाचं तसं नाही. तोडलेलं बेणं दिवस-दोन दिवसांत मातीत गेलं पाहिजे. उसाचं कोठार म्हणजे उभं शेत, आणि त्या कोठाराचं कुलूप म्हणजे पाणी. म्हणून बेण्याचा साठा ठेवायचा म्हणजे पाण्याचा साठा ठेवायचा.

आता हिशेब पाहू. दोन डोळ्यांच्या टिपऱ्यांनी लागवड केली तर एकरी सुमारे 10 हजार टिपऱ्या, म्हणजे 20 हजार डोळे लागतात. त्यासाठी बेणे मळ्याचे चार-पाच गुंठे धरावेत. एक डोळा पद्धतीने रोपं केली आणि पाच बाय दोन फुटांवर लावली तर एकरी साडेचार ते पाच हजार रोपं पुरतात. दीड-दोन गुंठ्यांत भागतं. पाणी कमी असेल त्या साली मळा मोडू नका, मळा लहान करा आणि रोपांवर या. दोन गुंठ्यांना ठिबकवर लागणारं पाणी अगदी आटत्या विहिरीतूनही बहुधा निघतं.

बेणं 9 ते 11 महिन्यांचं असावं. त्यामुळे तारीख मागे मोजायची. आडसालीसाठी मळा सप्टेंबर-ऑक्टोबरात, पूर्वहंगामीसाठी डिसेंबर-जानेवारीत, सुरूसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये लावावा. खोडव्याचं बेणं कधीही वापरू नये. काणी किंवा गवताळ वाढीचं बेट दिसलं की मुळासकट उपटून जाळावं. लागणीपूर्वी टिपऱ्या बुरशीनाशकाच्या द्रावणात 10 ते 15 मिनिटं बुडवाव्यात.

मूळ बेणंही शुद्ध हवं. 54 अंश सेल्सिअसच्या उष्ण दमट हवेत अडीच तास प्रक्रिया केलेलं मूलभूत बेणं, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित, अशी तीन पायऱ्यांची साखळी आहे. को 86032 असो की फुले 265, जात तीच ठेवली तरी तीन-चार वर्षांनी बेणं बदललं पाहिजे. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांच्याकडून असं बेणं मिळतं.

काही सभासद म्हणतात, "चाऱ्याला आज रोख पैसा मिळतो, मळा ठेवून काय?" गोठ्यात जनावर हंबरत असताना हे म्हणणं खोटं नाही. पण त्यासाठी उरलेल्या उसातून द्यावं, बांधावरच्या घासातून द्यावं. पहिला हिशेब बेण्याचा, मग वैरणीचा, मग गाळपाचा.

त्या पोराच्या खेळात बियावर खूण करायची सोय होती. आपल्या शेतात ती खूण आपणच करायची. म्हणून विनंती, की लागवडीची नोंद देताना बेणे मळ्याचे गुंठे, जात आणि लागण तारीख गट कार्यालयात वेगळी लिहून द्यावी. मळ्याच्या चारी कोपऱ्यांना चुन्याचे दगड लावावेत. टोळी आली तरी त्या दगडांच्या आत कोयता जाणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असावं.

आणि अडचणीच्या साली आम्ही जरी म्हणालो "द्या तोडून", तरी ऐकू नका.