सोसायटीच्या पाण्यातला लेजिओनेला : नमुना कुठून, केव्हा आणि कसा घ्यावा

सोसायटीचं पाणी तपासायला दिलं की अहवालात कोलिफॉर्म, ई-कोलाय, टीडीएस, क्षार असे आकडे येतात. लेजिओनेलाचं नाव त्यात सहसा नसतं. ती तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते.

लेजिओनेला हा पाण्यात राहणारा जीवाणू आहे. ई-कोलायसारखा तो पोट बिघडवत नाही. शॉवर, कारंजं किंवा कारखान्यातला कूलिंग टॉवर यांतून उडणारे बारीक तुषार श्वासावाटे फुप्फुसात गेले, की त्याच्यामुळे गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर दोनशेवर लोक आजारी पडले आणि ३४ दगावले. १९७७च्या जानेवारीत जीवाणू सापडला, आणि त्याला संघटनेवरूनच नाव मिळालं. साधारणपणे हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. पन्नाशी उलटलेले, सिगारेट-विडी ओढणारे, मधुमेह किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेले, यांना धोका जास्त.

आता आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर भागाचं पाणी पाहू. उल्हासनगरला एमआयडीसीच्या बारवी धरणाचं पाणी येतं. अंबरनाथ-बदलापूरला मुख्यतः महाराष्ट्र जीवन प्राधिकरण उल्हास नदीतून उचलून, शुद्ध करून पाणी देतं. शुद्धीकरण केंद्रातून ते क्लोरीन घालूनच निघतं. पण पाणी ठरलेल्या वेळीच येत असल्यामुळे प्रत्येक इमारत ते आधी जमिनीखालच्या टाकीत साठवते आणि मग पंपाने गच्चीवर चढवते. या मुक्कामांत क्लोरीन उडत जातो. त्यात बदलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. लेजिओनेला वाढतो तो साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान. ब्रिटनचे नियम सांगतात, गार पाणी २० अंशांखाली ठेवा. आपल्या गच्चीवरच्या टाकीत ते शक्यच नाही. म्हणून आपला भरवसा दोनच गोष्टींवर : पाण्यात शिल्लक असलेला क्लोरीन आणि पाण्याची हालचाल.

पहिली पायरी कागद-पेन्सिलीची. वॉचमन आणि प्लंबर यांना बरोबर घ्या आणि खालच्या टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत पाण्याच्या वाटेने चालत जा. पाणी कुठे थांबून राहतं आणि कुठे कोमट होतं, तेवढंच लिहायचं. बंद फ्लॅट लिहा. गुंतवणूक म्हणून घेतलेले आणि महिनोन्‌महिने कुलूप असलेले फ्लॅट बदलापूरच्या नव्या इमारतींत पुष्कळ आहेत. जुनं कनेक्शन तोडून टोपण लावून ठेवलेले पाईप लिहा. त्यातलं पाणी कधीच बदलत नाही.

आणि गच्चीवरचा सोलर वॉटर हीटर, म्हणजे ‘सोलर’, नक्की लिहा. माझ्या मते सगळ्यांत जास्त लक्ष तिथेच हवं. उन्हाळ्यात सोलरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, तेव्हा फारशी चिंता नसते. जुलैत आठवडाभर झड लागली की तेच पाणी पस्तीस-चाळीस अंशांवर येऊन बसतं. बिल वाढतं म्हणून विजेचा हीटर बंद ठेवलेला असतो. टाकीच्या तळाशी गाळ, आतल्या बाजूला क्षारांचा थर आणि त्यावर जीवाणूंचा बुळबुळीत पापुद्रा असतो. या पापुद्र्यात लेजिओनेला क्लोरीनपासूनही बऱ्यापैकी सुरक्षित राहतो. तिथून पाणी थेट शॉवरला जातं.

दुसरी पायरी, नळ निवडण्याची. चूक बहुतेक वेळा इथेच होते. तपासणी म्हटली की कमिटी तळमजल्याचा रोज वाहणारा स्वच्छ नळ दाखवते, आणि अहवाल अर्थातच चांगला येतो. आपण उलट करायचं. सोलरपासून सर्वांत लांबचा शॉवर, फारसा न वापरला जाणारा एक नळ, सोलरच्या टाकीचा निचरा कॉक आणि गच्चीवरची टाकी, असे नमुने निवडा. पैसे दोनच नमुन्यांचे असतील, तर लांबचा शॉवर आणि निचरा कॉक घ्या.

वेळही महत्त्वाची. टाकी धुऊन, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून दुसऱ्याच दिवशी नमुना घेतला, तर तो त्या पावडरीचा परिणाम दाखवतो, इमारतीची रोजची स्थिती नाही. स्वच्छतेआधी घ्या, नाहीतर मध्ये काही दिवस जाऊ द्या.

प्रत्यक्ष नमुना शक्यतो प्रयोगशाळेच्या माणसालाच घेऊ द्या. आपण फक्त पाहत राहा. बाटली निर्जंतुक हवी, साधारण एक लिटरची, आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं हवं. हे रसायन पाण्यातला क्लोरीन निष्प्रभ करतं. ते नसेल तर वाटेत क्लोरीन जीवाणू मारत राहतो आणि अहवाल खोटा दिलासा देतो. म्हणून बाटली विसळायची नाही. नळ उघडताच येणारं पहिलं पाणी घ्यायचं, कारण तोटीत आणि शॉवरच्या जाळीत काय साचलंय ते त्यात कळतं. दोन-तीन मिनिटं पाणी सोडून घेतलेली दुसरी बाटली आतल्या पाईपांचं आणि टाकीचं सांगते. दोन्हींवर वेगळी चिठ्ठी हवी. त्यानंतर त्याच नळाचं तापमान आणि शिल्लक क्लोरीन मोजून लिहून ठेवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा.

नमुना घेताना तुषार उडू देऊ नका. शॉवरला प्लास्टिकची पिशवी बांधून तिचं एक टोक कापलं की पाणी धारेने बाटलीत उतरतं. दमा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्याने त्या वेळी बाथरूममध्ये थांबू नये.

बाटल्या उन्हापासून दूर, गार डब्यात, पण बर्फाला चिकटणार नाहीत अशा ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवा. प्रयोगशाळा निवडताना ‘एनएबीएल मान्यता आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. ती मान्यता तपासणीनिहाय असते. लेजिओनेला तिच्या यादीत आहे का आणि तपासणी आयएसओ ११७३१ पद्धतीने होते का, हे विचारा. या पद्धतीत पाणी गाळून जीवाणू कोळशाची पूड घातलेल्या खास खाद्यावर वाढवतात. तो सावकाश वाढतो, म्हणून अहवालाला दहाएक दिवस लागतात. पीसीआर तपासणी एक-दोन दिवसांत होते, पण ती मेलेले जीवाणूही मोजते.

अहवालात लिटरमागे ‘सीएफयू’ लिहिलेले असतात. सीएफयू म्हणजे वाढू शकणाऱ्या जीवाणूंच्या वसाहतींची संख्या. ब्रिटिश मार्गदर्शनानुसार इमारतीच्या पाण्यात हा आकडा १०० ते १,००० असेल तर पुन्हा नमुने घेऊन कारण शोधायचं, आणि १,०००च्या वर असेल तर लगेच उपाय करायचा. ‘आढळला नाही’ याचा अर्थ त्या दिवशी त्या बाटलीत सापडला नाही, इतकाच.

सापडला, तर पाणी बंद करून घबराट पसरवू नका. लांबचे शॉवर तात्पुरते थांबवा, बादलीने आंघोळ करा. सोलरची टाकी तळापासून गाळ काढून साफ करा, हीटर लावून साठ्यातलं पाणी ६० अंशांवर ठेवा आणि नळाशी मिनिटभरात ५० अंश मिळतात का ते थर्मामीटरने पाहा. इतकं गरम पाणी लहान मुलांना भाजू शकतं, म्हणून प्रत्येक घरी आधी सूचना द्या. बंद पाईप मुळापासून कापून टाका. शॉवरच्या जाळ्या काढून क्षार घासा. बंद फ्लॅटची किल्ली कमिटीकडे ठेवून तिथलं पाणी दर आठवड्याला काही मिनिटं, तुषार न उडवता, सोडा.

इमारतीत कुणाला ताप, खोकला, धाप असेल तर डॉक्टरांना अहवाल दाखवा. लघवीच्या एका तपासणीने लेजिओनेलाचा मुख्य प्रकार ओळखता येतो, आणि पेनिसिलिनच्या जातीची औषधं त्यावर चालत नसल्याने डॉक्टरांना हे आधी कळलेलं बरं. काम पूर्ण झाल्यावर काही दिवसांनी त्याच नळांचे, त्याच पद्धतीने पुन्हा नमुने द्या, आणि पुढची तपासणी पावसाळ्यात, सोलर कोमट असतानाच ठेवा.