भाषेचा उंबरठा

कराड येथें कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. पुढें कृष्णा सांगलीवरून कन्नड मुलखांत शिरते. तिला तिची भाषा कोणी विचारीत नाहीं. कराडहून महामार्गानें निपाणी-बेळगांवकडे जाणाऱ्या माणसास मात्र ती विचारली जाते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना झाली आणि चंदगड तालुका वगळून बेळगांव जिल्हा मुंबई राज्यांतून म्हैसूर राज्यांत गेला. शेत तेंच, शेतकरी तोच. परंतु कालांतरानें कचेरीची भाषा बदलली. स्वतःचा कागद स्वतः वाचणाऱ्या मराठी माणसाला तो दुसऱ्याकडून वाचून घेण्याची पाळी आली. अशा वेळीं माणसाला प्रथम लाज वाटते. लाज फार काळ सोसवत नाहीं, म्हणून तिचा राग होतो. आणि कागदावर राग धरून भागत नाहीं, म्हणून तो त्या भाषेच्या माणसांवर धरला जातो. दोन कारकून आपसांत हंसले, तरी ते आपल्यालाच हंसले असें वाटतें. एका कचेरीचा अनुभव मग साऱ्या समाजाचा स्वभाव ठरतो. उलट कारकुनाला वाटतें, हे लोक केवळ हट्टानें भाषा शिकत नाहींत.

हा दोष एका भाषेचा नव्हे. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यांत कन्नड बोलणारीं गांवें आहेत. तेथील शेतकऱ्यापुढें न कळणारा मराठी कागद आला, तर त्याच्या मनांतही हेंच घडणार. बेळगांवच्या मराठी माणसाचें दुःख ज्याला कळतें, त्याला हें कळण्यास अडचण नसावी. पण आपली भाषा राजभाषा असली म्हणजे तिची भिंत आपणांस दिसत नाहीं.

राज्यघटनेनें या प्रश्नाचा विचार केला आहे. अनुच्छेद ३५० प्रमाणें राज्यांत वापरांत असलेल्या कोणत्याही भाषेंत गाऱ्हाणें मांडण्याचा हक्क प्रत्येकास आहे. उत्तर त्याच भाषेंत मिळावें, असें मात्र त्यांत म्हटलेलें नाहीं. १९५६ सालीं जोडलेला अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेंत प्राथमिक शिक्षण मिळावें, असें सांगतो. शाळा आणि गाऱ्हाणें यांच्यामध्यें दवाखाना, एस.टी. आणि तलाठ्याचें दप्तर उरतें. मनें जुळतात किंवा तुटतात तीं तेथेंच.

शेजाऱ्याची भाषा शिकणें चांगलेंच. परंतु जिच्यामुळें अपमान झाला, ती भाषा मनापासून कोण शिकेल? सूचनेखालीं दुसऱ्या भाषेच्या दोन ओळी लिहिण्यास खर्च थोडा येतो. त्या ओळी वाचणाऱ्याला आपली गणना झाल्याचें कळतें, आणि मग उरलेला मजकूर काय आहे, हें तो आपण होऊन विचारूं लागतो.